आर्क्टिकची आगोट: विजेच्या तारेशिवाय, नळाशिवाय वर्ष काढायचं तर

दापोलीला आमच्या घरी मे महिन्यात एकच धांदल असायची, आगोटीची. मिरगाच्या आत लाकडं खोपीत रचलेली हवीत, कौलं चाळलेली हवीत, सुकट डब्यात हवी, गुरांची वैरण माळ्यावर चढलेली हवी. पाऊस लागला की जे आत आलं ते आपलं.

अलास्कात, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, ब्रूक्स पर्वतरांगेतल्या वाइजमन गावाजवळ राहायला गेले, तेव्हा हे सगळं मी सपशेल विसरले होते. फेअरबँक्सला शिकत असताना नळ नसलेल्या ‘ड्राय केबिन’मध्ये तीन हिवाळे काढले होते, तेवढ्या जोरावर वाटलं होतं की आपल्याला जमतं. फेअरबँक्समध्ये काही संपलं तर अर्ध्या तासावर दुकान असतं. वाइजमनहून तेच दुकान साधारण ४३५ किलोमीटरवर आहे, आणि त्यातला बराचसा रस्ता कच्चा.

गेली काही वर्षं ‘मलाही असं राहायचंय’ म्हणणारी बरीच मराठी मुलंमुली भेटली, म्हणून हे क्रमवार लिहून काढतेय. एक गोष्ट आधीच सांगते, ती पुढे पुन्हा पुन्हा येईल. सगळे थंडीला घाबरून येतात. थंडीवर स्टोव्ह आहे, कपडे आहेत. खरा घात करते ती ओल: लाकडातली, बुटातली, घामाची, नदीच्या बर्फावर चढलेली.

## १. आधी कागद आणि जागा

‘अलास्कात फुकट जमीन मिळते’ हे डोक्यातून काढा. होमस्टेड कायदा १९७६ मध्ये रद्द झाला, अलास्काला दहा वर्षांची सवलत मिळाली, तीही १९८६ मध्ये संपली. वाइजमनच्या आसपास बहुतेक जमीन केंद्र सरकारची आहे. रस्त्याच्या पट्ट्यात बीएलएम या केंद्राच्या जमीन-व्यवस्थापन खात्याची, पश्चिमेला ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’ राष्ट्रीय उद्यान. तिथे तंबू ठोकून काही दिवस राहता येतं, पण झोपडी बांधलीत तर ते अतिक्रमण. सोन्याच्या खाणींच्या काळापासून खासगी मालकीचे मोजके तुकडे उरलेत, त्यातलाच एक आमच्या मित्राच्या कुटुंबाचा. मी आणि नवरा तिथे परवानगीने राहिलो.

जवळ काय काय हवं:

- अमेरिकेत तेवढे दिवस राहण्याचा कायदेशीर आधार. पर्यटक व्हिसावर येऊन वर्षभर केबिनमध्ये राहता येत नाही.
- जागामालकाचं लेखी पत्र, तारीख आणि मुदतीसकट.
- सरकारी जमिनीवरून सरपण आणणार असाल तर त्याचा परवाना.
- मासेमारीचा परवाना. रहिवाशाचा स्वस्त परवाना सलग १२ महिने अलास्कात काढल्यावरच मिळतो.
- विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरणारा विमा.
- गाडी भाड्याची असेल तर डाल्टन महामार्गावर, म्हणजे वाइजमनला येणाऱ्या रस्त्यावर, न्यायची लेखी मुभा. बऱ्याच भाड्याच्या करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते आणि ती ओळ बारीक अक्षरात असते.

शिकारीवर पोट भरू, हा विचार पहिल्या वर्षी तरी नको. परदेशी अनिवासी माणसाला मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी परवानाधारक वाटाड्या घ्यावाच लागतो. शिवाय डाल्टन महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैलांपर्यंत बंदुकीने शिकारीला बंदी आहे, फक्त धनुष्यबाण चालतो. आम्ही दोन वर्षं डाळभात आणि नदीतले ग्रेलिंग मासे खाऊन काढली.

निघण्यापूर्वी दंतवैद्याकडे जाऊन या. चेष्टा नाही. जानेवारीत दाढ ठणकायला लागली की ४३५ किलोमीटर किती लांब असतात ते कळतं.

## २. जूनमध्ये नको, मार्चमध्ये या

जवळजवळ प्रत्येक नवखा इथेच चुकतो. जूनमध्ये सूर्य मावळत नाही, सगळीकडे हिरवं, हवा सुखाची. माणूस येतो, डास मारतो, फोटो काढतो, आणि ऑगस्टच्या शेवटी बर्फ भुरभुरला की सरपणाच्या मागे धावतो. मीही तेच केलं.

इथले लोक वर्ष वेगळं मोजतात. हिवाळा, ब्रेकअप, उन्हाळा, फॉल, फ्रीझ-अप. ब्रेकअप म्हणजे मेमध्ये नद्यांवरचा बर्फ फुटून वाहतो ते दिवस. फ्रीझ-अप म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास नदी गोठत असते, होडीही चालत नाही आणि पायही ठेवता येत नाही, ते दिवस. या दोन फटींत तुम्ही जिथे असाल तिथे अडकता.

मार्चमध्ये उजेड भरपूर, थंडी उणे १५-२० च्या घरात, आणि जमिनीवरचं हिम घट्ट. स्लेजवरून जड ओंडके ओढता येतात. हेच ओंडके जूनमध्ये दलदलीतून आणायला गेलात तर पाठ मोडेल. मार्च-एप्रिलमध्ये तोडलेलं आणि फोडलेलं लाकूड चोवीस तासांच्या उन्हात सुकून सप्टेंबरात तयार. पुढच्या हिवाळ्याचं लाकूड आदल्या हिवाळ्याच्या शेपटाला तुटलं पाहिजे. हीच आगोट.

## ३. लाकूड

इथे सरपण मोजायचं माप कॉर्ड. चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब रास म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. आमच्या १६ बाय २० फुटांच्या केबिनला एका हिवाळ्यात सात कॉर्ड लागले. तुम्ही नऊ धरा.

मिळतं ते मुख्यतः स्प्रूस, एक सूचीपर्णी झाड. उभं वाळलेलं झाड शोधा, म्हणजे साल सुटलेली, फांद्यांवर हिरवं काही नाही. आडवं पडलेलं झाड वाळल्यासारखं दिसतं, पण जमिनीची ओल शोषून बसलेलं असतं.

सुकं ओळखायचं कसं? दोन फळकुटं एकमेकांवर आपटा. सुकी असतील तर टणत्कार येतो, ओली असतील तर धप्प. टोकाला केंद्रातून बाहेर जाणाऱ्या भेगा हव्यात. ओलाव्याचं मीटर घेतलंत तर उत्तम, आकडा २० टक्क्यांच्या खाली हवा. पण मीटर गोठलेल्या लाकडावर लावू नका, तो खोटं सांगतो. फळकूट रात्रभर घरात ठेवा, सकाळी पुन्हा फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर मोजा. पहिल्या नोव्हेंबरात मी उणे २५ मध्ये खोपीत उभी राहून मोजलं, आकडा बघून खूश झाले आणि घरात आले. त्याचा हिशोब पुढच्या पायरीत.

फोडायचं काम मात्र कडाक्याच्या थंडीत करा. उणे ३० ला स्प्रूस काचेसारखा फुटतो, निम्मी ताकद लागते. फक्त कुऱ्हाडीचं पातं आधी घरात शेकून घ्या, गार पात्याचा टवका उडतो.

## ४. चिमणी, आणि दुसरं घर

ओलं लाकूड जळताना उष्णता पाणी उकळण्यात जाते. धूर गार राहतो, आणि गार धुरातलं डांबर चिमणीच्या आत चिकटत जातं. त्याला क्रिओसोट म्हणतात. आम्ही रात्री हवेची झडप जवळजवळ बंद करून झोपायचो, लाकूड सकाळपर्यंत पुरावं म्हणून. म्हणजे धूर आणखी गार.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे जाग आली ती आवाजाने. चिमणीतून घुऽऽ असा आवाज, बोगद्यात गाडी शिरावी तसा, आणि नळकांडं बुडाशी तांबूस. नवऱ्याने स्टोव्हची हवा पूर्ण बंद केली, मी झोपायच्या पिशव्या आणि बूट घेऊन बाहेर पळाले. बाहेर उणे ३८ होतं. दहा-बारा मिनिटांत चिमणी विझली. तेवढ्या वेळात मला एकच प्रश्न पडला होता, घर पेटलं तर जायचं कुठे? उत्तर नव्हतं. सर्वांत जवळचं घर तीन किलोमीटरवर, आणि माझ्या पायात बुटांच्या आत मोजे नव्हते.

म्हणून हे करा:

- छतातून जाणारी चिमणी उष्णतारोधक, दुहेरी भिंतीचीच हवी. साधं नळकांडं फक्त घरातल्या भागात.
- चिमणी महिन्यातून एकदा ब्रशने झाडा. तारीख ठरवून टाका, आठवणीवर सोडू नका.
- दिवसातून एकदा तरी झडप उघडी ठेवून खणखणीत आग करा.
- धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, असे दोन गजर. अग्निशामक स्टोव्हजवळ नव्हे, दाराजवळ.
- राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, लाकडी ओट्यावर नाही.
- आणि दुसरं घर. केबिनपासून निदान ३० मीटर लांब एक छपरी किंवा जाड कापडी तंबू, त्यात छोटा स्टोव्ह, आठवड्याचं सरपण, दोन झोपायच्या पिशव्या, बूट, हातमोजे, माचिस, चार दिवसांचा शिधा, उपग्रह संदेशयंत्र. हे न करता नोव्हेंबर उजाडू देऊ नका.

थंडी किती, ते दाराकडे बघून कळतं. दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यांच्या डोक्यांवर हिमाची बोंडं धरतात. उणे २० ला ज्वारीच्या दाण्याएवढी, उणे ४० ला बोराएवढी. सकाळी अंथरुणातूनच दार बघायचं आणि ठरवायचं की आज गाडीच्या वाटेला जायचं की नाही. (उणे ४० ला सेल्सिअस-फॅरनहाइट सारखेच, त्यामुळे शेजाऱ्यांशी बोलताना तेवढं एक बरं.) वाइजमनच्या दक्षिणेला नव्वदेक किलोमीटरवर प्रॉस्पेक्ट क्रीक आहे. तिथे २३ जानेवारी १९७१ रोजी उणे ६२ नोंदलं गेलं, अमेरिकेतला आजवरचा नीचांक. गार हवा जड असते आणि दरीच्या तळाशी साचते. केबिन उतारावर थोडी वर असेल तर फरक अंगाला कळतो.

## ५. पाणी

दोघांना काटकसरीने दिवसाला एक जग. पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर, म्हणजे १९ किलो. जग काठोकाठ भरू नका, गोठताना फुटतो.

मराठीत भुरभुरणारं हिम आणि गोठलेलं पाणी, दोन्हीला बर्फच म्हणतात, पण इथे फरक पोटापाण्याचा आहे. भुसभुशीत हिम दहा बादल्या वितळवलं तर जेमतेम बादलीभर पाणी. नदीचा घट्ट बर्फ वितळवला तर जवळजवळ तेवढंच पाणी. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात नदीवरून स्वच्छ बर्फाच्या लाद्या कापून घराबाहेर रचून ठेवतात, आपण चिरे रचतो तशा. हिमच वितळवायचं असेल तर भांड्यात आधी तांब्याभर पाणी घाला. कोरडं हिम तापलेल्या बुडावर टाकलं की करपतं. हो, करपतं, आणि त्या पाण्याचा चहा जळकट लागतो.

नदीत भोक पाडलं असेल तर त्यावर फोमची फळी आणि वर हिमाचा ढीग ठेवा, दुसऱ्या दिवशी फोडायला सोपं जातं. पाणी उकळूनच प्या, जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या परजीवीचा त्रास ओढ्यांत आहे. अलीकडे एक नवी भानगड झाली आहे. ब्रूक्स रांगेतले काही ओढे नारिंगी झालेत. कायम गोठलेली जमीन वितळून आतली खनिजं उघडी पडतात आणि लोह व इतर धातू पाण्यात उतरतात. उकळून धातू जात नाहीत. तळाशी गंजासारखा थर दिसला तर तो ओढा सोडा.

नळ नाही म्हणजे मोरीचं पाणी जायलाही वाट नाही. सिंकखाली बादली असते, आणि ती भरत आलेली कुणाच्याच लक्षात येत नाही. अलास्कात असा एकही केबिनवाला नसेल ज्याने मध्यरात्री मोज्यांनी जमीन पुसली नाही.

## ६. नदीवर पाय ठेवण्यापूर्वी

स्वच्छ, निळसर-काळा बर्फ किमान १० सेंटिमीटर असेल तर माणूस चालू शकतो, स्नोमशीनला, म्हणजे हिमावर चालणाऱ्या मोटारगाडीला, १५ तरी हवा. पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ निम्म्या ताकदीचा धरा. दर काही पावलांवर काठीने ठोका, ऑगरने, म्हणजे बर्फात भोक पाडायच्या गिरमिटाने, मोजा.

पण माझ्या मते जाडीपेक्षा मोठं भय ओव्हरफ्लोचं. कडाक्याच्या थंडीत नदी तळापर्यंत गोठत जाते, खालून येणाऱ्या पाण्याला जागा उरत नाही, ते भेगांतून वर येतं आणि बर्फावर पसरतं. त्यावर हिमाची दुलई असल्यामुळे ते गोठत नाही आणि दिसतही नाही. उणे ३० मध्ये कोरड्या खटखटीत दिसणाऱ्या नदीवर तुम्ही घोटाभर पाण्यात उभे असता.

आमच्या शेजारच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: हिमाचा रंग जरा करडा दिसला, किंवा पृष्ठभाग मध्येच बसलेला दिसला, की वळसा घाल. तरी फेब्रुवारीत माझा डावा पाय गेला. बूट पाण्यातून वर काढताक्षणी त्यावर बर्फाचं कवच चढलं. सुदैवाने मी बनी बूट घातले होते, सैन्याचे ते पांढरे फुगीर रबरी बूट. त्यांची लोकर दोन रबरी थरांच्या मधे बंद असते, बाहेरचं पाणी तिथे पोचत नाही, आणि पाणी बुटात वरून शिरलं नव्हतं. साधे लोकरी अस्तराचे बूट असते तर तिथेच आग पेटवायला लागली असती. म्हणून नदीवर जाताना खिशात माचिस, बर्चची साल आणि कोरडे मोजे, मेणकापडात बांधून. पाठपिशवीत नको, खिशात.

जुन्या माणसांच्या ठरलेल्या तारखांवर आता विसंबू नका. नदी कधी धरेल याचा अंदाज आजोबांचाही चुकतो. हिवाळ्यात पाऊस पडतो, जो पूर्वी क्वचित पडायचा. डिसेंबर २०२१ मध्ये फेअरबँक्स परिसरात भर हिवाळ्यात पाऊस कोसळला आणि रस्त्यांवर चढलेला बर्फ महिनोन्‌महिने निघाला नाही. पावसाचं पाणी हिमाखाली गेलं की ओव्हरफ्लो आणि कच्चा बर्फ दोन्ही वाढतात. तारीख नाही, काठी आणि ऑगर.

## ७. वीज

सौर पॅनल फेब्रुवारीच्या मध्यापासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत झकास. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत शून्य धरा. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून जवळजवळ उभे लावा, हिम घसरून पडतं आणि जमिनीवरच्या हिमाचा परावर्तित उजेडही मिळतो.

दोन सापळे. पहिला, थंडीत पॅनलचा व्होल्टेज वाढतो. उणे ४० ला तो पाटीवरच्या आकड्यापेक्षा जवळपास २० टक्के जास्त जातो. चार्ज कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधलं नियंत्रक यंत्र) पाटीवरचा आकडा बघून काठावरचा घेतलात तर मार्चच्या एखाद्या लख्ख सकाळी तो जळेल. दुसरा, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज केली की कायमची बिघडते. बॅटरी घरात ठेवा, जमिनीपासून वर, कारण जमिनीलगत पाणी गोठतं. शिसं-आम्लाची बॅटरी घेतलीत तर ती कधी रिकामी सोडू नका. पूर्ण भरलेली कडाक्यातही गोठत नाही, रिकामी मात्र थोड्याशा थंडीतही फुटते.

खर्चाचा हिशोब सोपा. १२ व्होल्ट, २०० अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण २.४ युनिट. एलईडी दिवे आणि फोन त्यावर आठवडाभर चालतील. स्टारलिंक या उपग्रह इंटरनेटची तबकडी मात्र ५० ते ७५ वॅट खाते, दिवसभर चालू ठेवली तर दीड दिवसात बॅटरी आडवी. आम्ही संध्याकाळी एक तास लावायचो, घरी व्हिडिओ कॉल करून बंद. जीव वाचवायच्या कामासाठी तिच्यावर विसंबू नका, त्यासाठी आणीबाणीचं बटण असलेलं उपग्रह संदेशयंत्र वेगळं, कायम चार्ज केलेलं.

काळोखाच्या महिन्यांत जनरेटर. तो बाहेर, दारखिडक्यांपासून लांब. फोन, कॅमेरा बाहेरून आत आणताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणा आणि तासभर पिशवी उघडू नका. गार वस्तूवर घरातली वाफ पाणी होऊन बसते. पुन्हा ओल.

## ८. शिधा

सप्टेंबरअखेर सगळं आत. आम्ही दोघांसाठी तांदूळ ५० किलो, कणीक ४०, डाळी-कडधान्यं ३०, तूप १२ किलो घेतलं, आणि तूप मार्चमध्येच संपलं. थंडीत लाकडं वाहताना शरीर स्निग्ध मागतं. आमटीवर तुपाचा गोळा सोडताना आई दिसली नाही असा दिवस गेला नाही.

गोठून बिघडत नाही ते बाहेर: मासे, लोणी, ब्लूबेरी. गोठता कामा नये ते घरात किंवा जमिनीतल्या खड्ड्याच्या कोठीत: बटाटे, कांदे, अंडी, काचेच्या बरण्या. प्रेशर कुकर न्याच, शेजाऱ्यांना शिट्टीचं फार कौतुक. दही स्टोव्हच्या वरच्या फळीवर लागतं, पण विरजण मरू देऊ नका. कोकम आणि सुकं खोबरं भारतातून नेलं होतं, त्याच्या जोरावर ग्रेलिंगचं कालवण झालं.

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर काही ठेवू नका, अस्वलं जागी असतात.

## ९. शौच

बाहेर आडोसा, खाली खड्डा. जमीन कायम गोठलेली असल्यामुळे खड्डा उन्हाळ्यातच खणा आणि जेवढा जाईल तेवढा. बैठक निळ्या किंवा गुलाबी फोमच्या फळीची कापा. लाकूड किंवा प्लास्टिक कातडीची उष्णता ओढून घेतं, फोम नाही. उणे ४० लाही त्यावर सुखाने बसता येतं, एवढंच सांगते.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. थंडीत जे पडतं ते पडताक्षणी गोठतं आणि एकावर एक चढत शिवलिंगासारखा स्तंभ उभा राहतो. जानेवारीत तो वर यायला लागतो. कोपऱ्यात एक लोखंडी गज ठेवायचा आणि आठवड्याला एकदा आडवा करायचा. आळीपाळीने.

## १०. गाडी आणि रस्ता

डाल्टन महामार्ग ६६६ किलोमीटर, तेलवाहिनीच्या बाजूने डेडहॉर्सपर्यंत. मध्ये कोल्डफूटला इंधन मिळतं, तिथून उत्तरेला ३८५ किलोमीटर काही नाही. दोन पूर्ण आकाराची जादा चाकं, सीबी रेडिओ (ट्रकवाले १९ नंबरवर बोलतात), फावडं, झोपायच्या पिशव्या. ट्रक दिसला की वेग कमी करून कडेला व्हा, रस्ता त्यांचाच आहे.

केबिनवर इंजिनाचा हीटर रात्रभर लावून ठेवायला विजेच्या प्लगची सोय नसते, त्यामुळे उणे ३० च्या खाली गाडी सुरू करणं हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. इंजिनात ०डब्ल्यू दर्जाचं कृत्रिम तेल घाला. बॅटरी काढून घरात आणा. जनरेटर आदल्या रात्री पडवीत ठेवा, घरात नको, पेट्रोलची वाफ असते. सकाळी तो बाहेर सुरू करून इंजिनाचा हीटर दोन-तीन तास लावा. मग गाडी सुरू झाली तरी पहिला किलोमीटर धडधडत जाते, कारण रात्रभर उभी राहून टायर खालून चपटे झालेले असतात. घाबरू नका, गोल होतात.

प्रोपेन उणे ४२ ला वायू व्हायचा थांबतो. म्हणजे सर्वांत थंड दिवशी गॅसची शेगडी पेटत नाही. स्वयंपाक लाकडाच्या स्टोव्हवर करायची सवय आधीच लावा.

## ११. कपडे

थोडक्यात. सुती काही नको. अंगालगत लोकर, मग लोकर, मग पिसांचं. काम करताना एक थर कमी, थांबलं की लगेच चढवा. घाम आला म्हणजे चूक झाली. बोटांच्या हातमोज्यांवर पिशवीसारखे मोठे मोजे, गळ्यातल्या दोरीला बांधलेले. गाल किंवा नाक पांढरं, मेणचट दिसलं तर चोळू नका, उबदार तळहात धरा. पाय गोठला असेल आणि पुन्हा गोठायची शक्यता असेल तर तो वितळवू नका, सुरक्षित जागी पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात.

## १२. काळोख

डिसेंबर-जानेवारीत काही आठवडे डोंगरामागून सूर्य वर येत नाही. पूर्ण अंधार नसतो, दुपारी चार-पाच तास निळा उजेड असतो, आणि तो मला फार आवडायचा. त्रास झोपेचा होतो. गजर लावून उठा, त्या निळ्या वेळात काम असो नसो बाहेर पडा, ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून घ्या. दोघं असाल तर दिवसातले दोन तास एकमेकांशी न बोलता काढा. एकटे असाल तर आठवड्याला एकदा शेजाऱ्याकडे जा, काम नसलं तरी. आजोबांकडे आम्ही रविवारी जायचो. ते पत्त्यांत लबाडी करायचे, आणि ती पकडली की भलते खूश व्हायचे.

जूनमध्ये उलटं. खिडक्यांना चंदेरी कागद लावला नाही तर रात्री दोनला तुम्ही कुंपण दुरुस्त करत असता.

## १३. ब्रेकअपच्या आत

एप्रिलअखेर हिम मऊ पडायला लागतं आणि दिवसा स्नोमशीन रुततं. त्याआधी पार पाडायची कामं:

- नदीपलीकडचं सगळं सामान अलीकडे आणा.
- सहा आठवड्यांचा शिधा, औषधं आणि पेट्रोल भरून ठेवा. रस्ताही भरवशाचा नाही. २०१५ च्या वसंतात सागवानिर्कटॉक नदीचं पाणी डाल्टनच्या उत्तर टोकावर चढलं होतं आणि रस्ता कैक दिवस बंद राहिला होता.
- शौचाच्या खड्ड्यातला स्तंभ शेवटचा पाडा. मेमध्ये तो वितळतो, मग काही करता येत नाही.
- केबिनच्या खांबांखाली पाणी साचू नये म्हणून चर काढा. साचलेलं पाणी खालची गोठलेली जमीन वितळवतं आणि घर एका कोपऱ्यात बसतं. दार घासायला लागलं की समजा कोपरा बसला.
- अस्वलासाठीचा फवारा दाराशी टांगा.
- चिमणी झाडा.

आणि लाकूड मोजा. बर्फ फुटल्याचा आवाज नदीवरून येईल, तेव्हा पुढच्या हिवाळ्याचे नऊ कॉर्ड फोडून, उन्हाकडे तोंड करून, वरून झाकलेले आणि बाजूंनी उघडे, रचलेले असायला हवेत.